दहाव्या भिंतीची फळे

त्या अरण्यात म्हातारपणी कोणी उपाशी मरत नसे. मात्र त्यासाठी आधी अर्ज करावा लागे.

अरण्याच्या मधोमध एक वड होता आणि तो बारा महिने फळत असे. हातीपायी धड असेपर्यंत प्रत्येकाने रोज चोचभर किंवा मूठभर माती आणून त्याच्या मुळाशी टाकायची, आणि थकल्यावर त्या मातीच्या प्रमाणात वडाने त्याला एक फांदी द्यायची, अशी तिथली रीत होती. ज्याची माती जास्त त्याची फांदी भरघोस, ज्याची कमी त्याची किरकोळ. एकाच्या फांदीवरचे फळ दुसऱ्याला तोडता येत नसे. माकडांनी एकदा हौसेने प्रयत्न करून पाहिला होता, तेव्हा फळ देठाला इतके घट्ट बसले की माकडच दुपारपर्यंत लोंबकळत राहिले. तेव्हापासून माकडेही रीतसर अर्ज करू लागली.

या वडावर सगळ्यांत किरकोळ फांदी होती ती बकुळाक्का नावाच्या धनेश पक्षिणीची. तिच्यावर रोज तीन फळे लागत आणि त्यांतले एक हमखास कच्चे निघे.

बकुळाक्का आळशी होती म्हणाल तर तसे मुळीच नाही. पण धनेशांची एक न्यारी चाल आहे. विणीचा हंगाम आला की मादीने झाडाच्या ढोलीत शिरायचे, आतून भिंत लिंपून स्वतःला कोंडून घ्यायचे आणि चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवायची. नराने बाहेरून लिंपणाची माती पुरवायची आणि मग तीन-साडेतीन महिने त्या फटीतून तिला आणि पिलाला भरवायचे. संसार किती वर्षे चालला हे धनेश वर्षांत सांगतच नाहीत, भिंतींत सांगतात. ‘आमच्या सहा भिंती झाल्या,’ असे म्हणतात आणि ऐकणारा मान डोलावतो. आता आतून भिंत घालून बसलेली बाई वडाच्या मुळाशी माती टाकायला जाणार कशी? बाहेर आल्यावर पिलाला उडायला शिकवण्यात दिवस जात, आणि ते उडाले की पुढची भिंत आलीच. तिच्या नावावर जमली ती जेमतेम टोपलीभर माती.

मुकुटरावांच्या नावावर मात्र ढीग होता. मुकुटराव म्हणजे बकुळाक्काचा एके काळचा नवरा. डोक्यावर पिवळेधमक शिंग, उडताना पंखांचा असा घरघराट की झाडाखालचे ससे उगीचच उठून उभे राहत. दहा भिंती झाल्यावर एके दिवशी हे मुकुटराव म्हणाले, “मला आता मोकळं व्हायचंय.” जन्मभर जो बाहेर होता त्याला मोकळे व्हायचे होते, याचे आत कोंडून बसणाऱ्या बकुळाक्काला फार नवल वाटले. ती रडली, मग हसली, मग पुन्हा रडली आणि शेवटी ‘व्हा’ म्हणाली. मुकुटरावांनी पुढे मंजिरी नावाच्या तरुण मादीशी जोडी जमवली. उतारवयात त्यांना वडावर चोवीस फळांची फांदी मिळाली आणि ते तिच्यावर छाती काढून बसू लागले.

यंदा बकुळाक्काच्या चोचीला चीर गेली. उजवा पंख तर आधीच लुळा झाला होता. दूरच्या झाडांवर जाणे बंद झाले आणि तीन फळांत दिवस काढायची वेळ आली. धनेशासारख्या ऐसपैस पक्ष्याला तीन फळे म्हणजे दाताखाली लागायचीसुद्धा मारामार, आणि धनेशाला दात नसतात हे वेगळेच. पावसाळा तोंडावर आला होता. हा पावसाळा आपल्याच्याने निघत नाही, हे तिला कळून चुकले होते, आणि खरे सांगायचे तर ती मनातून फार घाबरली होती.

तिची शेजारीण होती गोजराकाकू नावाची शेकरू. झुपकेदार शेपटी, अखंड बडबड आणि पोटात काही म्हणजे काही न राहणे, ही तिची ओळख.

“अगं बकुळे, तू अर्ज का नाही करत?” गोजराकाकू म्हणाली. “दहा भिंती झालेल्या बाईला नवऱ्याच्या फांदीच्या निम्म्याइतकी फळं मिळतात म्हणे. जोडी मोडली असली तरी!”

“त्यांच्या तोंडचा घास काढून मी खाऊ?”

“त्यांच्या तोंडात चोवीस घास आहेत गं! बारा काढले तर काय जबडा निखळणार आहे?”

बकुळाक्का नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिचे तिसरे फळ किडके निघाले, तेव्हा ती पंख ओढत वडाच्या मुळाशी कचेरीत गेली.

कचेरी काटेकर नावाच्या साळिंदराकडे होती. साळिंदराची जात निशाचर आणि कचेरी दिवसाची, त्यामुळे काटेकर सदैव जांभया देत असत. कागदपत्रे म्हणजे पळसाची पाने. ती आपल्याच पाठीचा काटा उपटून एकत्र टाचायची त्यांची पद्धत होती. काम फार वाढले की त्यांची पाठ बोडकी होई आणि मग नवे काटे येईपर्यंत कचेरी बंद राही. सुदैवाने बकुळाक्का गेली तेव्हा अठरा काटे शिल्लक होते.

“नाव?” काटेकरांनी विचारले.

“बकुळा.”

“नंतर नवी जोडी जमवलीत?”

“या वयात?”

“नियम विचारतो बाई, मी नाही विचारत. जमवली असेल तर जुन्या फांदीवरचा हक्क जातो.”

“नाही जमवली.”

“नियम तीन,” काटेकर जांभई आवरत म्हणाले. “दहा भिंती भरल्या असतील तर जोडीदाराच्या फांदीच्या निम्म्याइतकी फळं मिळतील. नवी जोडी नसावी. आणि स्वतःची फांदी की निम्मी फळं, जे जास्त असेल ते मिळेल, दोन्ही नाही.” हे नियम वडाच्या खोडावर कोरलेले होते आणि काटेकरांना तोंडपाठ होते. मग त्यांनी वही उघडली, पान उलटले, पुन्हा उलटले. “पण तुमच्या तर नऊच भिंती आहेत.”

बकुळाक्का वहीवर वाकली. “नऊ कशा? दहा! मी आत होते हो, मला माहीत नसणार?”

भिंतींची नोंद करायचे काम सुताराकडे, म्हणजे त्या लांब चोचीच्या सुतारपक्ष्याकडे, असे. दरवर्षी तो प्रत्येक ढोलीपाशी येऊन भिंतीवर दोनदा टकटक करी, आतून ‘ओ’ आली की नोंद होई. दहाव्या वर्षी तो एका सागाच्या खोडात चोच अडकून बसला होता. चार महिन्यांनी त्याला सोडवला तेव्हा हंगाम उलटला होता. त्या वर्षी अरण्यात एकही भिंत झाली नाही, असे वहीने धरून चालले. त्या वर्षीची पिले उडत होती, खात होती, भांडत होती. पण वहीत ती कुठल्याच ढोलीतून बाहेर आलेली नव्हती.

“जोडीदाराची साक्ष चालेल,” काटेकर म्हणाले. “त्यांच्या परवानगीची गरज नाही. साक्ष मात्र चालेल.”

बकुळाक्काने ठरवले की चार दिवस विचार करावा, शब्द जुळवावेत आणि मग मुकुटरावांना भेटावे. पण गोजराकाकू कचेरीच्या दारातच बसली होती. सूर्य झाडांच्या शेंड्यांवर यायच्या आत अरण्यात सगळ्यांना कळले की बकुळा मुकुटरावांची निम्मी फांदी कापून नेणार. ओढ्याकाठी पोचेपर्यंत ती अख्खी फांदी झाली होती. घुबडांच्या आळीत तर वडच कापणार अशी बोलवा उठली आणि दोन घुबडांनी सामान बांधले.

मुकुटराव घरघराट करीत कचेरीवर येऊन उतरले. त्यांचे शिंग रागाने केशरी झाले होते.

“माझी फांदी?” ते ओरडले. “मी चोच झिजवून टाकलेली माती ती! घरी मंजिरी आत बसलीय, तिच्या फटीत काय घालू? तुमचा नियम?”

“तुम्हाला कोणी बोलावलं नव्हतं,” काटेकर म्हणाले. “पण आलाच आहात तर सांगा. दहावी भिंत होती की नव्हती?”

बकुळाक्का त्यांच्याकडे पाहत होती. कितीतरी हंगामांनी ती त्यांना इतक्या जवळून पाहत होती. शिंगाच्या टोकाला एक बारीक टवका उडाला होता, तो तिने पूर्वी पाहिलेला नव्हता. आता हे ‘होती’ म्हणतील, असे तिला अगदी मनापासून वाटले. माणूस घाबरट होता, पण लबाड नव्हता.

मुकुटरावांनी आधी डावीकडे पाहिले, मग उजवीकडे, मग वर आपल्या चोवीस फळांकडे.

“नव्हती,” ते म्हणाले. “त्या वर्षी मी भिंत घालायच्या आधीच मोकळा झालो.”

त्या एका शब्दाने बकुळाक्काला जितके लागले तितके चोचीच्या चिरेनेही लागले नव्हते. पोटातली भूकसुद्धा क्षणभर गप्प झाली. तिला उपाशी राहणे जमले असते. पण आपण अंधारात काढलेले साडेतीन महिने कोणीतरी असे फुंकर मारून उडवून द्यावेत, हे तिला सहन होईना. ती ताठ उभी राहिली.

“काटेकर,” ती म्हणाली, “माझ्या ढोलीखाली चला.”

काटेकर चालत निघाले. साळिंदर चालायला लागले की काटे खुळखुळतात. तो आवाज ऐकून अरण्यात जो तो आपापले काम टाकून मागे लागला. ससे आले, मोर आला, सामान बांधलेली घुबडे सामानासकट आली. मुकुटराव सगळ्यांच्या वरून उडत होते आणि ‘वेळेचा अपव्यय आहे’ असे अधूनमधून म्हणत होते.

ढोलीचे झाड जुने होते. त्याच्या बुंध्याशी बकुळाक्का थांबली आणि म्हणाली, “आत बसलेली बाई फळं खाते. बिया कुठे टाकते? फटीतून बाहेर.”

सगळ्यांनी खाली पाहिले. फटीच्या बरोबर खाली झाडांची एक रांग उभी होती. पहिल्या वर्षीच्या बियांतून उगवलेले झाड आता मोराच्या उडीहून उंच गेले होते, दुसऱ्या वर्षीचे त्याच्या खांद्याला लागत होते, तिसऱ्याचे त्याहून खाली, अशी उतरत उतरत रांग आली होती. ससे मोजायला धावले. सशांना पाचपर्यंतच येते, म्हणून दोघांनी मिळून मोजले.

“पाच आणि पाच!” ससे ओरडले.

“शेवटचं झाड कुणीही लावलं असेल,” मुकुटराव घाईने म्हणाले. “एखादं बी वाऱ्यानं आलं असेल.”

काटेकर शेवटच्या, सगळ्यांत ठेंगण्या झाडापाशी गेले. त्यांनी पान तोडले, चुरगाळले, हुंगले आणि पहिल्यांदाच त्यांची झोप पुरती उडाली. “हे तर जांभूळ!”

गर्दीत कुजबुज झाली. नदीच्या अलीकडे जांभळाचे एकही झाड नव्हते. पलीकडे एकच होते, ते मुकुटरावांना ठाऊक होते, आणि त्याचा ठावठिकाणा त्यांनी उभ्या जन्मात कुणाला सांगितला नव्हता. शिवाय जांभळे पिकतात ती हंगामाच्या अगदी अखेरीला. म्हणजे भिंत होती, तीही शेवटच्या दिवसापर्यंत होती, आणि मुकुटराव नदी ओलांडून जांभळे आणून तिच्या फटीत भरवत होते.

“आठवतं का हो?” बकुळाक्का हळूच म्हणाली. “मी म्हटलं होतं, या वर्षी जांभळं खावीशी वाटतायत. तुम्ही रोज दोनदा नदी पार करून जात होता. तुमची चोच जांभळी झाली होती.”

मुकुटरावांनी चोच छातीत खुपसली. त्यांच्या शिंगाचा केशरी रंग उतरला, पिवळा आला, तोही उतरला. “होती,” ते पुटपुटले. “दहावी होती. मला वाटलं, फांदी जाईल.”

गर्दीने असा काही कल्ला केला की घुबडांचे सामान सुटून पसरले. काटेकरांनी तिथल्या तिथे अर्जावर काटा टोचला. मग ते वडाखाली परतले, खाकरले आणि मुकुटरावांची निम्मी फांदी कापण्याचा हुकूम दिला. कुरतडण्यात साळिंदराचा हात कुणी धरणार नाही, पण साळिंदराला झाडावर चढता येत नाही. म्हणून काम गोजराकाकूवर आले. तिने आनंदाने दात परजले आणि ती खोडावर चढू लागली.

मुकुटराव तिच्या आधीच वर पोचले होते. त्यांनी दोन्ही पंखांनी फांदीला मिठी मारली होती आणि डोळे घट्ट मिटून ते फळे मोजत होते. बाराच्या पुढे गेले की त्यांचा आवाज कापे आणि ते पुन्हा एकपासून सुरुवात करत. खाली सगळे हसत होते. बकुळाक्काही आधी हसली. मग तिला ती चोच दिसली, एके काळी जांभळी झालेली, आणि तिचे हसू गेले.

“थांब गं गोजरे!” ती ओरडली. “कापू नकोस. भिंत होती, एवढं मान्य झालं ना? मला पुरे आहे तेवढं.”

गोजराकाकू खोडाच्या मध्यावर थबकली. पण ती बकुळाक्काकडे पाहत नव्हती. ती खोडाकडे पाहत होती.

“अगं बाई,” ती म्हणाली. “इथं आणखी एक ओळ आहे.”

नियम कोरले होते सुतारानेच. सुतार खोडाला धरून खालून वर चढत कोरतो, त्यामुळे पहिली ओळ सगळ्यांत खाली आणि शेवटची सगळ्यांत वर. काटेकर जमिनीवर उभे राहून पाहत. त्यांना दिसत त्या तीन ओळी. चौथी त्यांना टाचा उंचावूनही दिसली नसती.

“तू रोज या खोडावरून दहादा जातेस!” काटेकर ओरडले.

“मी फळं खायला जाते, वाचायला जाते का?” गोजराकाकू म्हणाली आणि डोळे बारीक करून वाचू लागली. “‘ही फळे... वड... आपल्या अंगची देईल. त्यासाठी... कुणाची फांदी... कापू नये.’ बास, एवढंच. पुढे सुताराने सही केलीय.”

वडाखाली मुकुटरावांचे मोजणे तेवढे ऐकू येत होते. आणि त्याच वेळी, बकुळाक्काच्या किरकोळ फांदीच्या जागी वडाच्या अंगातून एक नवा कोंब बाहेर आला. तो सरसर वाढला, त्याला पाने फुटली आणि पानांच्या बेचक्यांत लालबुंद फळे धरली. ससे पुन्हा धावले. पाच, पाच आणि दोन.

“मुकुटराव,” काटेकरांनी हाक मारली, “तुमची मोजा.”

मुकुटरावांनी एक डोळा उघडला. मोजली. दुसरा उघडला, पुन्हा मोजली. “चोवीस,” ते म्हणाले. मग त्यांनी फांदी सोडली, तोल जाऊन दोन फांद्या खाली आले आणि तिथूनच ओरडले, “बकुळा, चोवीसच आहेत गं!” त्या आनंदात ते इतके हलले की त्यांचीच तीन फळे खाली पडली आणि ती सशांनी पळवली.

बकुळाक्काने नव्या फांदीवरचे पहिले फळ तोडले. ते गोड होते. तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते पुसायची तिला गरज वाटली नाही. पावसाळा आता खुशाल यावा, असे तिला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या फांदीवर बसून सावकाश न्याहारी करीत होती. समोरच्या झाडावर मुकुटरावांची ढोली होती. मुकुटराव चोचभर फळे घेऊन आले, भिंतीच्या फटीतून त्यांनी मंजिरीला एकेक भरवले आणि कालची सगळी हकिकत पंख उडवत सांगितली. वही, ससे, जांभूळ, गोजराकाकूची चौथी ओळ, काही म्हणजे काही वगळले नाही. “आणि माझं एकही फळ कमी झालं नाही, बोल!”

आत मंजिरीने एक फळ फोडून खाल्ले.

“अहो, किती भिंती म्हणालात?” मंजिरीने आतून विचारले.

“दहा.”

“आणि ही आपली कितवी?”

“तिसरी की गं!”

फटीतून मंजिरीची कोवळी चोच बाहेर आली. ती थोडी डावीकडे झाली, थोडी उजवीकडे झाली, मग मंजिरीने खालची जागा नीट न्याहाळली आणि एक बी नेम धरून सरळ खाली सोडले.

“अहो,” ती गोड आवाजात म्हणाली, “जरा माती ओढा ना त्याच्यावर.”

मुकुटराव लगेच खाली उतरले. त्यांनी चोचीने माती ओढली, पायाने थोपटून घट्ट केली, आणि चोचभर पाणी आणायला ओढ्याकडे निघाले.